फळ्यावरची सात मिनिटे

मंगळवार, १७ डिसेंबर २०४१. संध्याकाळचे पाच वाजून बावीस मिनिटे. बोरगुंडी गावातल्या जैन बस्तीबाहेरच्या फळ्यावर भूपाल मगदूम यांनी सूर्यास्ताची वेळ ६.०१ अशी लिहिली होती. ती त्यांनी रुमालाने पुसली आणि ६.०८ लिहिले.

त्या वेळी रस्त्यावर तिघे जण होते. कोणीही थांबले नाही.

कृष्णाकाठच्या या भागात जैन देवळाला बस्ती म्हणतात. बस्तीबाहेरच्या फळ्यावर रोज दोनच ओळी असत, सूर्योदय आणि सूर्यास्त. गावातली साडेतीनशे घरे सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. काही जण पाणीही घेत नाहीत. त्यांचा शेवटचा घास या फळ्यावर ठरे. फोनवर वेळ दिसते हे सगळ्यांना ठाऊक होते. पण फोन तालुक्याची वेळ सांगतो आणि भूपालसर बोरगुंडीची, असे लोक म्हणत. एकतीस वर्षे हायस्कुलात भूगोल शिकवलेल्या या माणसाने गावाचे अक्षांश-रेखांश आणि पश्चिमेच्या टेकाडाची उंची धरून स्वतः कोष्टक तयार केले होते. एकोणीस वर्षे ते फळा लिहीत होते. या काळात त्यांची चूक कोणाला सापडली नव्हती.

सात मिनिटांचे कारण घरात होते.

त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई यांना हिवाळा सोसत नसे. थंडी त्यांना आवडायची. त्रास होता तो आखूड दिवसाचा. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की त्या मिटायला लागत. दुपारी चारला ऊन परसातल्या भिंतीवरून सरकले की हातातले काम तसेच ठेवून दारात उभ्या राहत, आणि मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडत.

"काय होतंय?" भूपालसर विचारत.

"काही नाही. दिवस संपला."

सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरचा असला तरी सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतो, बोरगुंडीत पाच छप्पन्नला, हे भूपालसर दरवर्षी नववीच्या वर्गात सांगत आणि मुलांना ते पटत नसे. त्रिशलाबाईंच्या शरीराला मात्र ते कोष्टक पाठ होते. नोव्हेंबरभर त्या खाली खाली जात. डिसेंबरच्या मध्याला तळ गाठत आणि संक्रांतीनंतर हळूहळू वर येत. त्यातून सूर्यास्ताआधी जेवायचे, आणि त्याच वेळी घशाखाली घास उतरत नसे. दर हिवाळ्यात पाच-सहा किलो वजन जाई. मागच्या हिवाळ्यात आठ किलो गेले. त्या वेळी त्या बावन्न किलोंवरून चव्वेचाळीसवर आल्या, आणि डॉक्टरांनी भूपालसरांना बाजूला घेऊन सांगितले की असा आणखी एक हिवाळा झेपेल असे वाटत नाही.

हा आजार उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतला आहे, असे बरीच वर्षे समजले जाई. आपल्याकडे उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांत जेमतेम दोन तासांचा फरक. पुढे कळले की डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात ज्या काहीच बघत नाहीत. फक्त उजेड मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात की आजचा दिवस इथे संपला. बहुतेकांचे घड्याळ दोन तासांचा फरक पचवते. शंभरातल्या चारेकांचे पचवत नाही. एकोणीस हजार वस्तीच्या बोरगुंडीत अशी साडेसातशे माणसे निघाली. तोवर त्यांना आळशी, मानी, तऱ्हेवाईक किंवा बाहेरची बाधा झालेली असे म्हटले जात होते.

यावर उपाय म्हणून एका कंपनीच्या तीन महिन्यांच्या चाचणीत १ नोव्हेंबर २०४१ पासून बोरगुंडीला रोज नव्वद मिनिटांचा वाढीव दिवस मिळू लागला.

जमिनीपासून सहाशे किलोमीटरवर आरसे फिरत होते. एकेक आरसा दोनशे मीटर लांब-रुंद, पण कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. गावात सूर्य मावळला तरी तितक्या उंचीवर तो मावळलेला नसतो. आरसा तिथले ऊन पकडून खाली टाकतो. एक आरसा चार मिनिटांत डोक्यावरून निघून जातो आणि मागचा त्याची जागा घेतो. एका वेळी पंचवीस-तीस आरसे गावाकडे वळलेले असत. सगळ्यांचा मिळून ढगाळ दुपारइतका उजेड पडे.

ते ऊनच होते, तरी संध्याकाळचे वाटत नसे. ते वरून सरळ येई, म्हणून त्यात तांबूस रंग नव्हता. माणसाला चार-पाच फिकट सावल्या पडत. आरसा बदलला की उजेड किंचित कूस बदलल्यासारखा हले. सांधा जाणवू नये म्हणून आरसे सूर्यास्ताआधी दहा मिनिटे लागत. त्यामुळे गावात सूर्य केव्हा गेला हे कोणाला दिसेनासे झाले.

पहिल्या आठवड्यात लोक रस्त्यावर खुर्च्या टाकून बसले. दुसऱ्या आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. मुले घरी येईनात. कोंबड्या खुराड्यात शिरेनात. गवंडी सातपर्यंत कामावर थांबू लागले आणि त्यांच्या बायका त्यावरून मुकादमाशी भांडल्या. चहाच्या टपरीवर एकाने म्हटले, "दिवस संपल्याबिगर घरी जाऊ वाटत न्हाई, आणि ह्यो संपंना झालाय." साडेसातला उजेड जाई तो एकदम जाई, कोणी डोळ्यांवर हात ठेवावा तसा, आणि मग तासभर कुत्री भुंकत राहत.

भूपालसरांनाही चैन पडत नव्हते. एकसष्ट वर्षांत प्रथमच त्यांना आपण दिवसाच्या कोणत्या भागात आहोत ते कळत नव्हते. ते गावातून फिरत राहत. पण घरी आले की त्रिशलाबाई परसात असत.

त्या उभ्या असत, हा मोठा फरक होता. दुसरा फरक म्हणजे डबे. गावात मुले परदेशी असलेले अकरा म्हातारे होते. त्यांना त्रिशलाबाई वर्षातले नऊ महिने सूर्यास्ताआधीचे जेवण पोचवत. हिवाळ्यात ते काम दरवर्षी बंद पडे. या हिवाळ्यात पडले नाही. डिसेंबर उजाडला तेव्हा वजन एक्कावन्न किलो होते.

अकरा डबे पोचवून त्या घरी येत तेव्हा सूर्यास्ताला दोन-तीन मिनिटेच उरलेली असत.

"आधी तू जेव, मग डबे ने," भूपालसर म्हणत.

"ती म्हातारी माणसं जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही. आप्पासाहेबांना दात नाहीत, त्यांना भाकरी कुस्करून द्यावी लागते. त्यांच्यासमोर भरल्या पोटानं बसू?"

१६ डिसेंबरला त्या पाच एकोणसाठला आल्या. पाटावर बसल्या, दोन घास घेतले, घड्याळाकडे पाहिले आणि ताट सारले. ताटात वांग्याची भाजी, भाकरी, दही होते.

"भूक लागली होती हो," त्या म्हणाल्या. जरा हसल्यासुद्धा. "हिवाळ्यात भूक लागते हे मी विसरलेच होते."

दुसऱ्या दिवशी पाच बावीसला भूपालसरांनी फळा पुसला. त्या संध्याकाळी त्रिशलाबाईंनी दीड भाकरी खाल्ली.

"आज वेळ बरी आहे की," त्या म्हणाल्या.

"आता वाढत जाणार," भूपालसर म्हणाले. हे खरे होते. डिसेंबरच्या मध्याला सूर्यास्त रोज अर्ध्या मिनिटाने पुढे सरकतो. एका दिवसात सात मिनिटांनी सरकत नाही.

भूपालसरांचा धाकटा भाऊ बाहुबली शेती करतो. दोघांच्या वयात चौदा वर्षांचे अंतर. त्रिशलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्याची आई नुकतीच गेली होती. त्याचा शेंबूड, अभ्यास, उलट्या, सगळे त्यांनी काढले. गावापासून अडीच किलोमीटरवर, उजेडाच्या वर्तुळाच्या अगदी कडेला, भावांची सामाईक जमीन आहे. त्यातल्या दीड एकरात बाहुबली तांबडी गावरान तूर लावतो. ही तूर उशिरा फुलते आणि तिचे बी पंचक्रोशीत आता फक्त त्याच्याकडे आहे. दरवर्षी पेरून धरले तरच ते टिकते.

नोव्हेंबरच्या अखेरीस तो भूपालसरांना शेतात घेऊन गेला होता.

"बगा."

तूर डोक्याच्या वर गेली होती. हिरवीगार, दाट, खोडे मनगटाएवढी. फूल एकही नव्हते.

"लई झ्याक दिसतीया की न्हाई? कोण बी म्हणंल, काय पीक आलंय! हात घालून बगा. कळी हाय का कुठं?"

"कडेला उजेड कमी असतो ना रे?"

"कंपनीवाले बी हेच म्हंत्यात. खोलीत ट्यूब लावल्यावर पडतो तेवढाच, म्हंत्यात. आता तुरीला कुणी सांगायचं की बाई, ही ट्यूब हाय?"

भूपालसरांना कारण माहीत होते. तूर दिवस मोजत नाही, रात्र मोजते. सलग अंधार ठरावीक तासांपेक्षा लांबला की तिचे पान समजते, हंगाम आला, आता फूल काढायचे. थोड्याशा उजेडानेही तो अंधार आखूड होतो. मग ती वाट बघत वाढत राहते.

तरी ते रेश्मा मुजावरकडे गेले. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता कंपनीची गावातली इंजिनिअर होती आणि पाण्याच्या टाकीवर बसवलेली उजेडाची मापके बघत असे.

"वर्तुळ थोडं लहान करता येईल का गं? फक्त गावापुरतं?"

"सर, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. सूर्य ठिपका आहे का?"

भूपालसरांनी नकारार्थी मान हलवली.

"थाळी आहे ना? आपल्याला तो अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो. मग आरसा कितीही गुळगुळीत करा, त्यातून येणारं ऊनही तेवढंच पसरत येणार. सहाशे किलोमीटरवरून खाली येईपर्यंत साडेपाच किलोमीटर रुंद होतं. त्याहून लहान वर्तुळ कोणाच्या बापाला करता येणार नाही. सॉरी, सर."

"म्हणजे गाव हवं असेल तर शेत येणारच."

"येणारच. उजेड केव्हा पाडायचा ते ठरवता येतं. किती जागेवर, ते नाही." मग तिने विचारले, "बाई कशा आहेत?"

"जेवतेय," भूपालसर म्हणाले.

गुरुवार, २६ डिसेंबर. दुपारी सव्वादोनला बाहुबली एक वही घेऊन घरी आला. नगरपालिकेत तक्रार द्यायची होती आणि तिला जोडायला त्याने रोज शेताच्या बांधावर उभे राहून नोंदी केल्या होत्या. वर्तुळाच्या कडेवरून पश्चिमेचे आकाश अजून स्वच्छ दिसते. वहीत तीन रकाने होते. सूर्य बुडाला, उजेड पुरा आला, उजेड गेला.

"आण्णा, एवढं शुद्ध करून द्या. आणि एक विचारायचं हुतं." त्याने सतरा तारखेवर बोट ठेवले. "हितं मी सहा एक लिवलंय. फळ्यावर आठ हुतं. म्हटलं, माजं घड्याळ मागं पडलं. म्हणून फळ्याबरुबर लावून घेतलं. तर दुसऱ्या दिवशी सूर्य बुडला आणि घड्याळात सहा आठ, आणि फोन म्हंतोय सहा एक. मी फोनला शिव्या दिल्या. रोज तेच. आता तक्रारीत कंचं लिवू? तुमचंच लिवतो. तुमची चूक असणार न्हाई."

त्रिशलाबाई ताकाचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या.

भूपालसरांना एक वाक्य पुरले असते. टेकाडाचा फरक, उजेड वाकवणारा हवेचा थर, काहीही. बाहुबलीने ते मान डोलावून लिहून घेतले असते. ते वहीकडे बघत राहिले. अक्षर बाहुबलीचे होते, पाचवीतल्यासारखेच तिरके.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "सहा एक. मी सात मिनिटं वाढवून लिहीत होतो."

"कशापायी?"

भूपालसरांनी दाराकडे पाहिले. बाहुबलीनेही पाहिले, आणि त्याला कळले.

"आण्णा," तो हळू आवाजात म्हणाला, "सूर्य काय शाळंची घंटा हाय व्हय, तास वाढवायला?"

त्रिशलाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "किती दिवस?"

"नऊ."

"आणि अकरा डबे." त्या मनात हिशेब करत होत्या हे दिसत होते. "मी त्यांना सांगून यायची, सावकाश जेवा, अजून वेळ आहे. आप्पासाहेब चौऱ्याऐंशीचे आहेत. बाराव्या वर्षापासून मोडलं नव्हतं त्यांनी. मी मोडलं."

"तू नाही. मी."

"मला विचारलं असतंत तर?"

"नाही म्हणाली असतीस."

"मग?" त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी डबे वेळेवर पोचवले आणि प्रत्येक घरी थांबून काय झाले ते सांगितले. स्वतः जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर सूर्योदय-सूर्यास्ताखाली तिसरी ओळ होती : '१७ ते २५ डिसेंबर या नऊ दिवसांची सूर्यास्ताची वेळ मी जाणूनबुजून सात मिनिटे पुढची लिहिली. भूपाल मगदूम.'

बरेच जण वाचून पुढे गेले. काहींनी घरी येऊन समजूत घातली. "मास्तर, सात मिनिटांत काय धर्म बुडतोय का? आणि असं बघा, उजेड तर सूर्याचाच आहे." ते भूपालसरांना सर्वांत जास्त लागले. तीन दिवसांनी बस्तीच्या विश्वस्तांनी फळा काढला आणि काचेच्या चौकटीत छापील तक्ता लावला. कोणी त्यांना बोल लावला नाही. खडूची डबी घरी पाठवून दिली.

त्रिशलाबाईंनी नऊ दिवस एकाशन केले. दिवसातून एकदाच, दुपारी बाराला जेवायचे. ते संपल्यावरही संध्याकाळचे जेवण परत आले नाही. पाच पन्नासला आरसे लागायच्या आधी त्या घराच्या खिडक्या लावून घेत आणि जाड पडदे ओढत. डबे बंद केले नाहीत, पण ते साडेचारलाच नेऊ लागल्या. बाहेर गाव लख्ख असे. पडद्याच्या फटीतून पांढरी रेघ फरशीवर पडे आणि चार मिनिटांनी हले.

१२ जानेवारीला भूपालसरांनी पडदा सरकवला.

"सोडा तो," त्या म्हणाल्या.

"अगं, उजेडानं काय केलंय? औषध आहे ते. चूक माझी, शिक्षा त्याला कशाला?"

"शिक्षा नाही. मला कळेनासं झालंय." त्या भिंतीकडे तोंड करूनच बोलत होत्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा भूक लागली होती. मला वाटलं, बरी झाले. आता वाटतं, तेही कोणी तरी वाढवून लिहिलं होतं."

वजन सत्तेचाळीस झाले.

पुढच्या हिवाळ्यापासून पाच वर्षे आरसे ठेवायचे की नाही, याचा निर्णय वर्तुळातल्या खातेदारांवर सोपवलेला होता. घराचे किंवा जमिनीचे जे खाते, त्याला एक कागद. त्यावर 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. खाते सामाईक असेल तर सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर. एकूण कागद ३,९०६. मंजुरीला दोन-तृतीयांश होकार हवे, म्हणजे २,६०४. मुदत शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच.

मगदूमांचे घर आणि जमीन एकाच खात्यावर होती. नावे दोन, भूपाल आणि बाहुबली.

२६ जानेवारीला, झेंडावंदन करून, बाहुबली कागद घेऊन आला. भूपालसर त्याला काय बोलायचे ते तीन दिवस ठरवत होते. बोलायची वेळ आली नाही. त्याने कागद टेबलावर ठेवला. त्याची सही आधीच होती. दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या.

"तुमची करा," तो म्हणाला.

"आणि खूण?"

"तूर माजी हाय. हिवाळा वहिनींचा. तुम्ही नि मी ठरवणार कोण?" तो आत बघून मोठ्याने म्हणाला, "वहिनी! ह्यो कागद तुमच्याकडं ठेवतोय. होय म्हणा, न्हाई म्हणा, मी तोंड वाकडं करणार न्हाई. केलं तर लहानपणी मारत हुतासा तसं मारा."

भूपालसरांनी सही केली. बाहुबली गेल्यावर बऱ्याच वेळाने त्रिशलाबाई बाहेर आल्या, कागद उचलला आणि डब्यांच्या पिशवीत घातला.

पुढचे जे कळले ते भूपालसरांना बाहुबलीकडून कळले. मंगळवारी, २८ तारखेला, संध्याकाळी सव्वासहाला वहिनी एकट्या शेतावर आल्या. पडद्याआड न बसता, आरसे लागायच्या सुमारास, अडीच किलोमीटर चालत. बांधावर उभ्या राहून त्यांनी पश्चिमेला सूर्य जाताना पाहिला. मग तुरीत शिरल्या. फांद्या वाकवून बघत राहिल्या.

"एकदा फूल लागलं की मग उजेड पडला तर?" त्यांनी विचारले.

"मग काय करायचं त्ये करू दे की. फूल लागून शेंग धरली की तिला काय बी फरक पडत न्हाई. पर लागू तर दे."

"कधीपर्यंत?"

"डिसेंबर निम्मा."

जाताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बुधवारी आणि गुरुवारी त्या डबे घेऊन नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडल्या आणि उशिरा आल्या. कुठे गेल्या होत्या, हे भूपालसरांनी विचारले नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हते. शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी त्रिशलाबाईंनी नगरपालिकेतल्या पेटीत कागद टाकला.

सोमवार, ३ फेब्रुवारी. मोजणी सकाळी दहाला सुरू झाली. भूपालसर सभागृहात मागच्या बाकावर बसले होते. दुपारी दीड वाजता आकडे वाचले गेले. होकार २,५८५. नकार १,२०१. आलेच नाहीत असे ८२. बाजूला ठेवलेले ३८. मंजुरीला एकोणीस होकार कमी पडत होते.

बाजूला ठेवलेल्यांपैकी पंधरा कागदांवर सह्या अपुऱ्या होत्या. उरलेल्या तेविसांवर दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या आणि समासात हाताने लिहिलेली एक ओळ होती. शब्द जवळजवळ तेच, अक्षरे वेगवेगळी. मोजणी अधिकाऱ्याने सर्वांत वरचा कागद वाचून दाखवला. खातेदार भूपाल व बाहुबली मगदूम. समासात लिहिले होते : 'तूर फुलल्यावर, पंधरा डिसेंबरपासून चालेल. त्याआधी नको.' खाली तिसरी सही होती.

"ही सही कोणाची? हे नाव खात्यावर नाही," अधिकारी म्हणाला.

"माझ्या मिसेसची," भूपालसर उभे राहून म्हणाले.

"त्यांनी असं का लिहिलंय? होय की नाही?"

भूपालसर मनात दिवस मोजत होते. १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर. चव्वेचाळीस दिवस. पाच छप्पन्नचा सूर्यास्त त्यातच येतो. त्रिशलाबाईंचे वजन ज्या दिवसांत सर्वांत वेगाने उतरते, ते सगळे दिवस त्यातच येतात. आणि त्यांच्या कानावर येत होते की अधिकारी आता पुढचे कागद वाचतो आहे, आणि त्यातला तिसरा कागद आप्पासाहेबांचा आहे.

दुपारी तीनला नगराध्यक्षांनी जाहीर केले की समासात अट लिहिलेले कागद होकार धरायचे, नकार धरायचे की बाद करायचे, याबद्दल नियमात काही नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे मत मागवले आहे. कंपनीच्या वतीने रेश्मा मुजावर हिने सांगितले की आरसे पंधरा डिसेंबरपासून वळवणे शक्य आहे. मात्र १५ फेब्रुवारीपर्यंत करार झाला नाही तर ते दुसऱ्या शहराला दिले जातील.

शनिवार, ८ फेब्रुवारी. संध्याकाळी सहा वाजून एकतीस मिनिटांनी बोरगुंडीत सूर्य मावळला. चाचणीची मुदत संपल्यामुळे आरसे वळलेले नव्हते आणि सातच्या आत अंधार पडला. त्रिशलाबाईंचे वजन सत्तेचाळीस किलोच होते. जिल्हाधिकारी कार्यालयातून तोवर उत्तर आले नव्हते.